तीन कॉम्प्युटर आणि काकूंचं एक बोट

भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात, हे मला तोंडपाठ होतं. लग्न झालंय का, गावाकडचे पाहुणे किती येतात, रात्री गेट किती वाजता लागेल ते चालेल का. नालासोपाऱ्याजवळच्या गास गावातल्या त्या घरातल्या गृहस्थांनी मला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, चष्मा बनियनला पुसला आणि विचारलं, "बाई, कॉम्प्युटर कुठला वापरता?"

"काळा," मी म्हटलं.

माणसाचा चेहरा असा पडला की जणू मी त्यांच्या ओटीवर चप्पल घालून चढले. "रंग नाही विचारला मी. आत काय आहे?"

"आत नववीच्या प्रश्नपत्रिका आहेत."

आतल्या दाराशी कोणीतरी फसकन हसलं. हातात लसणीची पाकळी घेतलेल्या एक ठेंगण्या बाई चौकटीत उभ्या होत्या. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, द्या तिला खोली. उत्तर बरोबर हाय तिचं."

अशी मी त्यांची भाडेकरू झाले. मूळची मी सांगलीकडची, तेव्हा नालासोपाऱ्याच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. त्या घराच्या माडीवरच्या खोलीत माझी कित्येक वर्षं गेली. खाली केळीची बाग, म्हणजे त्यांची वाडी, मोगऱ्याचे वाफे, विहीर, आणि ओटीवर तीन टेबलांवर तीन कॉम्प्युटर. त्या तिघांच्या मधे, फिरत्या खुर्चीवर, आमचे काका. उघड्या बनियनच्या गळ्याला पेन खोचलेलं. तालुक्याच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. निवृत्तीच्या दिवशी कचेरी सुटली, पेन काही सुटलं नाही.

काकांच्या आयुष्यापुढे एकच प्रश्न उभा होता. साध्या माणसानं, घरच्या घरी, रोजच्या वापराला कुठली सिस्टीम घ्यावी? सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटर ज्याच्या जिवावर चालतो ती आतली व्यवस्था. तिन्ही टेबलांवर तीन वेगळ्या. त्यांची खरी नावं काका कधी घेत नसत. "नाव घेतलं की पक्षपात आला," म्हणत. म्हणून एक खिडकीवाली, एक सफरचंदवाली आणि एक पेंग्विनवाली. चित्रावरून ओळखायच्या, निवडणुकीतल्या उमेदवारांसारख्या.

आणि तिघींबद्दल काकांची मतं काय विचारता! मुळीच वाईट नव्हती, हे मला आजही कबूल आहे. "खिडकीवाली म्हणजे आमची कचेरी. सगळ्यांची कामं तिथंच, म्हणून सगळे तिथंच. कोणी म्हणून आवडीनं जात नाही आणि जायचं कोणी थांबत नाही." सफरचंदवाली ही मोठ्या घरची सून. दिसायला देखणी, कामाला चोख, पण भांडीकुंडी माहेरचीच लागणार, दुसऱ्याची वायर लावून घेणार नाही. आणि पेंग्विनवाली हा श्रमदानातून झालेला रस्ता. फुकट, रुंद, मजबूत. फक्त खड्डा पडला की फावडं आपण घ्यायचं.

"आनी त्या रस्त्यानं आपल्याला जायचंय कुठं?" काकू विचारत.

यावर काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "प्रकरण विचाराधीन आहे."

काकांची बोली हा एक वेगळाच कारभार. गावातली जुनी माणसं आपसात घरच्या बोलीत बोलायची, काकू तर माझ्याशीही तीच बोलायच्या. काका मात्र झोपेतसुद्धा कचेरीची मराठी बोलत असावेत. 'सदर केळी पिकलेली आहेत' असं ते बायकोला सांगत. घरची बोली त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकली होती, विहिरीच्या काठावर अंगठ्याला ठेच लागली तेव्हा. ती इथं लिहिण्यासारखी नाही.

सकाळची अंघोळ आटोपली की ओटीवर परीक्षा सुरू व्हायची. तिन्ही यंत्रं एकाच क्षणी चालू झाली पाहिजेत, तरच आधी कोण जागं होतं ते कळणार. काकांना हात दोन. मग हाक जायची, "अगं, ये. बोट लाव!" काकू गॅसवरचं टाकून, पदराला हात पुसत यायच्या आणि तिसऱ्या बटणावर बोट ठेवून उभ्या राहायच्या. "एक, दोन, तीन!" तिघांनी मिळून... म्हणजे काकांच्या दोन बोटांनी आणि काकूंच्या एका बोटानं बटणं दाबली जायची. काका घड्याळाकडे बघायचे. काकू गॅसकडे बघायच्या.

"झाला चालू?" काकू विचारायच्या.

"झाला."

"मग आता पुढं काय?"

आता पुढं काय! पुढं काही नव्हतंच हो. यंत्रं चालू व्हायची, गुण दिले जायचे आणि यंत्रं बंद व्हायची. त्या माणसानं कॉम्प्युटरवर कोणाला चार ओळींचं पत्र लिहिलेलं मी पाहिलं नाही. गाणं ऐकलेलं नाही, फोटो बघितलेला नाही, पत्ते खेळलेले नाहीत. रोजच्या वापराला काय बरं, याचा शोध रोज चालायचा आणि वापर तेवढा राहून जायचा. एक ना धड, भाराभर चिंध्या. मी एकदा तोंडावर म्हटलंसुद्धा. त्यांनी मान डोलवली आणि म्हणाले, "बाई, घाईचा निर्णय आणि घाईत शिजवलेला वाल, दोन्ही पोटाला बाधतात."

पंचक्रोशीतले लोक सल्ल्याला यायचे. भुईगावचे एक मित्र होते काकांचे, चर्चच्या गायनमंडळात पेटी वाजवणारे. फार सज्जन माणूस. एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ते सरळ आमच्या ओटीवर आले. "भाऊ, नाताळची गाणी एकसारखी लिहून सगळ्या मुलांना छापून द्यायची आहेत. कुठला कॉम्प्युटर घेऊ तेवढं सांग."

झालं. काकांनी पेन काढलं. "आधी गरज ठरवा. दिवसाकाठी वापर किती? फोटो किती? घरात आणखी कोण हात लावणार? उजवा हात की डावा?"

"अरे बाबा, गाणी छापायची आहेत!"

"कुठल्या नाताळची? या, की पुढच्या?"

ते गृहस्थ पुढच्या रविवारी आले, त्याच्या पुढच्या रविवारी आले, त्यांनी काकूंची केळफुलाची भाजी खाल्ली, तिन्ही सिस्टीमचे गुणदोष ऐकले आणि सगळ्यांत शेवटी डोकं धरून घरी गेले. नाताळ आला. गाणी त्यांनी हातानं लिहिली, झेरॉक्स काढली, मुलं झकास गायली. काका त्या रात्रीच्या मिस्सेला आवर्जून गेले होते. परत येऊन मला म्हणाले, "गायन उत्तम. मात्र अक्षर एकसारखं नव्हतं."

आता हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. गेलं नाही, त्याचं कारण काकू.

काकूंची एकुलती एक मुलगी पुण्याला नोकरीला होती. तिचं लग्न ठरलं, आणि ते वाडीतच, घरच्या मांडवात करायचं असं तिनंच सांगितलं. फोनवर आईला म्हणाली, "आई, हळदीला डीजे नको. आपली गाणी पाहिजेत. तू मला ती फोनवर पाठव, मी आणि माझ्या मैत्रिणी पाठ करतो." काकूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण गाणी होती कुठं? पाणी भरून आणण्यापासून नवरी पाठवेपर्यंतची सगळी गाणी येणारी बाई गावात एकच उरली होती, काकूंची चुलत सासू. सगळे तिला आजी म्हणायचे. आणि आजीचं शास्त्र कडक! घरात हळद आलेली नसताना हळदीचं गाणं गायचं नाही. अपशकुन होतो. बोलून दाखवीन, म्हणाली, गाऊन नाही. फोन पुढे केला तर तोंड फिरवायची. "मी मेल्यावर माझा आवाज घरात फिरायला नको," म्हणायची.

मग काकू रोज दुपारी आजीकडे जायच्या, चार ओळी तोंडात घोळवत परत यायच्या आणि ओटीवरच्या कॉम्प्युटरसमोर बसून एका बोटानं टाईप करायच्या. तेच बोट, बटणावर लावायचं. 'क' सापडला की काना हरवायचा. काना सापडेपर्यंत माझा शाळेतून येऊन चहा पिऊन व्हायचा. पण बाई हटली नाही. त्या ओटीवर तीन यंत्रं आल्यापासून पहिल्यांदाच त्यांतल्या एकावर कोणीतरी काही काम करत होतं.

आणि काकांना आनंद कशाचा, तर तुलनेला नवा मुद्दा मिळाला याचा! एका सिस्टीमवर थोडी गाणी झाली की ते काकूंना उचलून दुसरीवर बसवायचे. "आता इथं मराठी कशी उमटते बघू." एकदा अशी बदली केली आणि सकाळी बघते तर गाण्यांची सगळी अक्षरं चौकोन झालेली. ओळीच्या ओळी रिकामे चौकोन.

काकू चष्मा वर करून बघत राहिल्या. "मी गानं लिवलं होतं," त्या मला म्हणाल्या, "ह्यांनी फरशी घातली."

"फॉन्टचा प्रश्न आहे," काका म्हणाले. "पुन्हा टाईप कर. नोंद होईल."

काकूंनी पुन्हा टाईप केलं. पुढे आणखी एक बदली झाली, तेव्हा पुन्हा. त्या घरच्या बोलीतल्या शब्दांखाली तिन्ही यंत्रं लाल रेघा ओढायची. चूक, चूक, चूक! तिन्ही सिस्टीमचं एकमत झालेलं मी तेवढ्या एकाच बाबतीत पाहिलं.

मी म्हटलं, "काकू, झालीत तेवढी लेकीला पाठवून द्या की."

"अर्धं वाढलेलं ताट कोनी पुढं करतं का पोरी? सगळी होऊ देत."

गणपतीच्या आधी आजी गेली. झोपेतच गेली. काकू रडल्या आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "शेवटचं गानं तिनं मला आदल्या दुपारी दिलं गो. आता सगळी माझ्याकडं हायत." त्या 'माझ्याकडं' म्हणताना त्यांनी ओटीवरच्या यंत्राकडे बोट केलं होतं. मला ते बोट अजून दिसतं.

दिवाळीनंतर जावई आणि त्याचे आईवडील याद्या करायला घरी येणार, असं ठरलं. जावई कॉम्प्युटरवाला! पुण्याच्या मोठ्या कंपनीत. काकांच्या अंगात वारं शिरलं. इतक्या वर्षांचं विचाराधीन प्रकरण आता जाणकारासमोर निकालात काढायचं. आणि निकाल द्यायचा तर तिघींना समान संधी पाहिजे. एकीच्या पोटात जास्त, एकीच्या कमी, असं कसं चालेल? म्हणून पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तिन्ही यंत्रं पुसून कोरी केली आणि तिन्हींवर सिस्टीम नव्यानं बसवल्या. पुसण्यापूर्वी जपून ठेवण्यासारखं सगळं जपून ठेवलं. म्हणजे काय, तर स्वतःचे गुणतक्ते. त्यांच्या तीन प्रती केल्या, एक कपाटात, एक देवघरात, एक बनियनच्या आत. गाणी खिडकीवालीवर आहेत आणि तिची नक्कल आपण मागेच काढली आहे, असं त्यांच्या डोक्यात. गाणी होती पेंग्विनवालीवर. तिथं ती हलवली होती त्यांनीच, आणि ती नक्कल होती गाण्यांच्याही आधीची.

पाहुणे आले. पोहे झाले. काकांनी जावयाला तिन्ही टेबलांसमोर उभं केलं, काकूंना बोट लावायला बोलावलं, एक-दोन-तीन झालं. मग घसा साफ करून विचारलं, "आपण या क्षेत्रातले. रोजच्या घरगुती वापराला आपलं मत कोणाला?"

मुलगा बिचारा गोंधळला. "काका, खरं सांगू? घरी मी लॅपटॉप उघडतच नाही. सगळं फोनवरच होतं ना आता."

काकांचं पेन हातातच राहिलं. मला हसू दाबता येईना, मी केळी आणायच्या निमित्तानं आत पळाले. आणि तेवढ्यात काकू विहिणीचा हात धरून ओटीवर आल्या. हौसेनं म्हणाल्या, "या, तुम्हाला आमची गानी दाखवते. तुमच्या सूनबाईच्या हळदीची."

खुर्चीवर बसल्या. बोट लावलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग दुसऱ्या टेबलाशी गेल्या. मग तिसऱ्या. सगळीकडे नुसता निळा पडदा.

"अहो, माझी गानी कुठं हायत?"

काकांचा चेहरा बघून मला कळलं. जावई खरंच भला मुलगा. चहा गार होईपर्यंत यंत्राशी झटला. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "काकू, त्याच्यावर नवीन बसवलंय. नाही मिळणार."

काकूंनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी विहिणीला म्हटलं, "चला, मोगरा दाखवते," आणि पदर खोचून वाडीत गेल्या. त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी काकांना काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. भाडेकरूनं घरमालकाला बोलू नये असं बरंच बोलले. "तुम्ही तिघींचे गुण तीन ठिकाणी जपलेत, काका! घरात चौथी होती, तिला किती गुण दिलेत?" ते ऐकून घेत होते. बनियनच्या आतून त्यांनी गुणतक्ता काढला, बघितला आणि परत आत ठेवायलाही त्यांना सुचेना. मला त्यांची कीव आली आणि राग तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माडीवर हाक ऐकू आली. "अगं, ये. बोट लाव." कोणी आलं नाही. पुन्हा हाक आली, जरा हळू. मग नाही आली. त्या दिवसापासून ओटीवर शुकशुकाट. काका वाडीत जाऊन नीट असलेल्या वाफ्यांना पुन्हा बांध घालायचे. काकू जेवायला वाढायच्या, पण बोलायच्या माझ्याशी. लेकीला त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. तिचे फोन यायचे, "आई, गाणी?" आणि काकू म्हणायच्या, "देते गो, देते."

हळद झाली ती मात्र गाण्यांनीच झाली, हे आधीच सांगून टाकते. पुण्याच्या पोरी हातात फोन धरून, आमच्या काकूंच्या बोलीची पार वाट लावत, पण मोठ्यांदा गात होत्या. दोन-तीन गाणी नव्हती. ती गेली ती गेलीच, जात्यावरचं एक तर अर्ध्यावरच थांबलं. भुईगावचे मित्र पेटी घेऊन आले होते, त्यांनी ते अर्धं गाणं पेटीवर कसंबसं पुरं केलं. विहीणबाई रडल्या, मी रडले. आजी असती तर चुका काढत बसली असती.

आता मी विरारला चंदनसारला राहते, स्वतःच्या फ्लॅटमध्ये. काळा जाऊन करडा लॅपटॉप आला. तो घेताना दुकानातला मुलगा विचारत होता, "मॅडम, सिस्टीम कौनसी चाहिए?" आणि मला हटकून ती दुपार आठवली. काकूंच्या लेकीच्या लग्नाच्या आधीच्या आठवड्यातली.

शाळा लवकर सुटली होती. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडलेले, आणि ओट्यावर सुपात हळकुंडं वाळत घातलेली. म्हणजे घरात हळद आली होती. ओटीवर काकू खाली पाटावर बसून वाल सोलत होत्या आणि, मी दारातच थांबले, गात होत्या. पुटपुटत नाही, चांगल्या गात होत्या.

"आंगनात केळ, केळीला पानी घाल गो बाये,
उद्या तू नसशील, केळ कोनाला इचारील गो बाये."

आणि त्यांच्यासमोर एका टेबलाशी काका बसले होते. बनियनच्या गळ्याला पेन नव्हतं. एका बोटानं अक्षर शोधत होते. 'केळ' सापडली, 'कोनाला'शी येऊन अडले, यंत्रानं खाली लाल रेघ ओढली. काकांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

मी हळूच काकूंच्या शेजारी बसले. "काकू, तुम्हाला आठवतात?"

"आठवनार नाय तर काय! एकेक अक्षर शोधून लिवलंय. त्यात ह्यांनी दोनदा पुसलं, तेव्हा दोनदा परत लिवलंय. जीव गेला तरी आता जायची नायत."

काकांनी मान वर केली. "म्हणजे, एका अर्थी, सदर वारंवार बदलीमुळेच..."

काकूंनी नुसतं बघितलं. काका पुन्हा अक्षर शोधायला लागले.

माझ्यातली खोडकर भाडेकरीण काही गप्प बसेना. तिन्ही टेबलं तिथंच होती आणि काका त्यांतल्या एकाशी बसलेले. म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी निकाल तरी लागला. विचारलं, "काका, शेवटी कुठली घेतलीत? खिडकीवाली, सफरचंदवाली की पेंग्विनवाली?"

त्यांनी पडद्याकडे बघितलं, खालच्या डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोन जाने, बाई. बगितलंच नाय."

आणि बोट तसंच अधांतरी धरून ते बायकोकडे वळले.

"हां गो, पुढं काय?"